हवेचे ऋतुमान आणि घरचा बंदोबस्त

लोहारा तालुक्यात हवेविषयीची तक्रार कानावर येते ती बहुधा चैत्र-वैशाखात. उन्हाचा कडाका वाढला, नांगरून मोकळ्या पडलेल्या काळ्या रानांवरून वावटळी उठू लागल्या आणि डांबर उखडलेल्या रस्त्यांवरून खडीचे टिप्पर धुरळा उडवीत धावू लागले, म्हणजे जो तो उपरण्याचे टोक नाकाला लावून ‘यंदा धूळ लई’ असे म्हणतो. आणि तोच मनुष्य मार्गशीर्षातल्या पहाटे, आकाश निरभ्र व गारवा बोचरा असताना, हवा आरोग्याला उत्तम आहे अशा पक्क्या समजुतीने कानाला मफलर गुंडाळून फिरावयास बाहेर पडतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन ही समजूत दुरुस्त करणे आणि ती दुरुस्त झाल्यावर घरात, शेतात व गावात कोणत्या महिन्यात कोणता बंदोबस्त करावा हे सांगणे, एवढेच आहे. कारण आपल्या या अवर्षणप्रवण मुलखात उन्हाळ्याची धूळ डोळ्यांना दिसते म्हणून ती मोठी वाटते, तथापि छातीला खरा उपद्रव होतो तो दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच्या धुराचा, आणि त्यातही दिवसाच्या काही ठराविक तासांचा.

हवेत तरंगणाऱ्या कणांची शास्त्रज्ञांनी आकारावरून प्रतवारी केली आहे. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम 10 व अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम 2.5 म्हणतात, मनुष्याच्या केसाची जाडी साधारणपणे 70 मायक्रॉन धरली तर दुसऱ्या प्रकारचा कण किती सूक्ष्म असेल याची कल्पना यावी. वावटळीची धूळ बहुतांशी जाड असते. ती नाकात व घशात अडते, शिंकेने वा खाकरण्याने बाहेर पडते, आणि दमेकऱ्याला त्रास देत असली तरी सामान्य मनुष्याच्या फुप्फुसाच्या तळाशी तिचा फारसा प्रवेश होत नाही. गोवऱ्या, तुराट्या, पाचट, प्लास्टिक यांच्या धुरातले कण मात्र मुख्यतः दुसऱ्या जातीचे असतात; ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचतात, त्यांतले काही रक्तात उतरतात, आणि खोकल्याबरोबरच हृदयविकार व पक्षाघात यांनाही हातभार लावतात. आपल्या देशाने 2009 साली ठरविलेल्या मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत पीएम 2.5 हे 60 मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली हीच मर्यादा 15 वर आणली आहे. बंद स्वयंपाकघरात ओल्या गोवरीची चूल पेटली असता यांपैकी पहिली मर्यादा किती तरी पटींनी ओलांडली जाते.

हिवाळ्यातच हे का घडावे? काळी जमीन दिवसा तापते तशीच निरभ्र रात्री झपाट्याने निवते. तिला चिकटलेली हवा गार व जड होऊन खालीच बसते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पातेल्यावरील झाकणासारखा पसरतो. मग सायंकाळी सहापासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत गावात जो धूर निघतो तो वर न जाता घरांच्या उंचीवरच रेंगाळतो. तेरणेच्या खोऱ्यात, माकणी धरणाच्या अंगाच्या सखल भागात, उंचवट्यावरची गार हवा रात्रभर उताराने खाली सरकत असल्यामुळे हा प्रकार अधिक जाणवतो. लोहारा शहरासारख्या उंच व मोकळ्या गावठाणात थोडा कमी. ऊन चांगले चढले की जमीन तापते, झाकण उघडते आणि धूर पांगतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील सल्ल्यातील बराचसा भाग वाचकाला स्वतःच सुचेल.

पहिला सल्ला फिरावयास जाणाऱ्यांना. कार्तिक ते माघ या काळात वृद्धांनी, दमेकऱ्यांनी व हृदयविकाराच्या रुग्णांनी पहाटेचा फेरफटका सरळ बंद करावा आणि तो सकाळी साडेनऊनंतर किंवा दुपारी चार ते साडेपाच या वेळात ठेवावा. शाळांच्या क्रीडाशिक्षकांनीही धावण्याचा सराव पहाटे साडेपाचला ठेवण्याचा हट्ट या चार महिन्यांपुरता सोडावा. धावणारे मूल स्वस्थ बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक हवा छातीत ओढते, आणि त्या घटकेला ती हवा दिवसातली सर्वांत वाईट असते.

दुसरा सल्ला गॅसच्या सिलिंडरविषयी. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून आपल्याकडील बहुतेक घरांत सिलिंडर आला. पण तो परवडत नाही म्हणून पाहुण्यांच्या चहापुरता जपून ठेवावयाचा आणि नित्याचा स्वयंपाक चुलीवर करावयाचा, अशी रीत पडली आहे. या काटकसरीला नावे ठेवण्याचा अधिकार सिलिंडरचे पैसे न मोजणाऱ्यास नाही. परंतु काटकसर करावयाचीच तर ती वेळ पाहून करावी, हे सांगण्यास हरकत नाही. हिवाळ्यात पहाटेचा व सायंकाळचा स्वयंपाक गॅसवर करावा आणि डाळ शिजविणे, शेंगा भाजणे, गुरांचे आंबवण तापविणे ही कामे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात अंगणातल्या चुलीवर करावीत. गॅस थोडा अधिक लागेल, पण सरपण वाचेल आणि धूर मोकळ्या आकाशात जाईल.

चुलीपेक्षाही अधिक जळण खाणारी बाब म्हणजे अंघोळीचे पाणी. पाच-सहा माणसांच्या घरी पहाटे पाचपासून अंगणात हंड्याखाली जाळ चालू असतो, आणि तो पेटविण्यासाठी हाताशी येईल ते घालतात: दुधाची रिकामी पिशवी, फाटकी चप्पल, ठिबकच्या नळीचा तुकडा, क्वचित जुन्या टायरची पट्टी. पेटवण म्हणून प्लास्टिक लगेच धरते हे खरे. पण त्यातून निघणारा काळा, तिखट धूर पाणी तापविणाऱ्या बाईच्या व शेकावयास भोवती बसलेल्या पोरांच्या नाकाशी असतो, आणि पीव्हीसीच्या नळीतून निघणारा क्लोरीनयुक्त वायू तर निव्वळ विष आहे. पेटवणीसाठी वाळलेल्या तुराटीच्या बारीक काड्या एका पोत्यात भरून घरात कोरड्या ठेवाव्यात. काम तितकेच लवकर होते. ज्यांना शक्य आहे त्यांनी अंघोळ दुपारच्या आधी, दहा-अकराला करावी, आणि काळ्या रंगाचे पिंप सकाळपासून उन्हात ठेवून पाणी कोमट करून घ्यावे. आपल्या भागात हिवाळ्यात ऊन मुबलक असते. त्याचा उपयोग आपण वाळवणाखेरीज फारसा करीत नाही.

धूर घराबाहेर जाण्याच्या वाटेविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने सास्तूर, माकणी व आसपासच्या गावांतील दगड-मातीची माळवदे कोसळली, आणि त्या जड भिंतींखाली माणसे गेली म्हणून पुनर्वसनात हलक्या व सिमेंटच्या घरांचा आग्रह धरला गेला, हे योग्यच झाले. परंतु जुन्या माळवदात उजेडासाठी व धुरासाठी छतातच एक उघडी जागा ठेवलेली असे आणि चूल बहुधा तिच्या आसपास मांडलेली असे. स्लॅबच्या घरात ती वाट राहिली नाही. मग कोणी मागच्या बाजूला पत्र्याचे शेड काढून त्यात चूल मांडली, कोणी आतच मांडली. आणि पत्र्याच्या शेडला तिन्ही बाजूंनी तुराट्यांचा कूड घालून वर गारव्यासाठी ताडपत्री ओढली की ते शेडही माळवदापेक्षा वाईट होते. उपाय सोपा आहे. चुलीच्या मागच्या भिंतीत, छताला लागून, निदान एक हात लांब व वीतभर उंच झरोका पाडावा आणि समोरच्या बाजूस खाली, गुडघ्याच्या उंचीवर, हवा आत येण्याची दुसरी वाट ठेवावी. एकच खिडकी असून भागत नाही. खालून गार हवा आत आल्याखेरीज तापलेला धूर वरून बाहेर पडत नाही. धुरांडे बसवावयाचे असल्यास त्याचा नळ छपराच्या वर दोन फूट तरी जावा आणि तो दर दोन महिन्यांनी काजळी काढून साफ करावा.

आता बाळंतिणीची खोली. या विषयावर कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तर आजीबाईंना राग येतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारे-खिडक्या बंद, वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून फटींत चिंध्या, आणि सकाळ-संध्याकाळ ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी: ही सारी व्यवस्था थंडीपासून व जंतूंपासून रक्षण व्हावे या सद्भावनेने आली आहे. परंतु नुकत्याच जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे कोवळी असतात, त्याचा श्वास मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो, आणि बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे तो कोंडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. डोके जड होणे, मळमळणे, झोप अनावर होणे ही त्याची लक्षणे. बाळंतिणीला ती झाली तर अशक्तपणावर ढकलली जातात. यास्तव शेगडी खोलीबाहेर पूर्ण फुलवून, खोली उबदार करण्यापुरती दार उघडे ठेवून आत आणावी व निजण्यापूर्वी बाहेर काढावी. रात्रभर ती आत कदापि ठेवू नये. शेक द्यावयाचाच तर रबरी पिशवीतल्या गरम पाण्याचा, कापडात गुंडाळून, आईला द्यावा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दुलई घेणे ही ऊब कोणत्याही शेगडीपेक्षा अधिक सुरक्षित आहे, आणि डॉक्टरही कमी वजनाच्या मुलांसाठी तीच सांगतात. धुरीबद्दल एवढेच की ती सोडली तर काही बिघडत नाही. ज्या घरात सासूबाईंचा शब्द मोडवत नाही तेथे ती दारात, बाळ दुसऱ्या खोलीत असताना करावी. तेवढ्यावर तडजोड बहुधा होते.

मुलाला सर्दी झाली आणि ते जोरात श्वास घेऊ लागले तर ते साधे पडसे की न्यूमोनिया, हे ओळखण्याची एक खात्रीची खूण प्रत्येक घरी माहीत असली पाहिजे. मूल शांत असताना, रडत वा पीत नसताना, त्याच्या पोटावरचा कपडा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास मिनिटास 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत न बसता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पोटावर बिब्बा घालणे किंवा डाग देणे यांत जो अर्धा दिवस जातो, तो अर्धा दिवसच पुष्कळदा निर्णायक असतो. आणि दमेकऱ्यांविषयी: तोंडात ओढावयाच्या औषधाच्या पंपाची ‘सवय लागते’ हा समज निराधार आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप दिवाळीपासून होळीपर्यंत, बरे वाटत असले तरी, सांगितलेल्या मात्रेत चालू ठेवावा; धाप लागल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

धुरापाठोपाठ धुळीचा जो प्रकार खरोखर छातीपर्यंत पोहोचतो तो मळणीचा. आश्विनात सोयाबीनच्या राशी सुरू होतात. शेतात रचून ठेवलेली बनीम पावसात भिजून आतून काळी पडली असेल तर मळणी यंत्रातून भुसकटाबरोबर बुरशीची करडी भुकटी उडते, आणि यंत्राच्या तोंडाशी उभे राहून पेंढ्या सारणाऱ्या गड्याला रात्री ताप, अंगदुखी व कोरडा खोकला येतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते म्हणून तो पुन्हा कामाला लागतो; वर्षानुवर्षे असे झाल्यावर धाप कायमची घर करते. राशी करण्याआधी बनीम उलगडून एक दिवस चांगले ऊन द्यावे. यंत्र लावताना मूठभर माती वर उधळून वाऱ्याचा रोख पाहावा, भुसकटाचे तोंड वारा जाईल त्या दिशेला ठेवावे व माणसे विरुद्ध बाजूला उभी करावीत. दुपारी वारा फिरला तर अर्ध्या तासाचा खोळंबा पत्करून यंत्रही फिरवावे. सारणाऱ्या माणसाची पाळी तासातासाने बदलावी. नाकाला बांधलेला पंचा जाड धूळ थोपवितो, बुरशीचे बारीक कण थोपवीत नाही. त्यासाठी एन 95 जातीची मुखपट्टी लागते. ती नाकाच्या दांड्यावर पत्र्याची पट्टी दाबून, वरचा बंद डोक्यावर व खालचा मानेवर घेऊन लावावी, आणि दोन्ही हातांनी ती झाकून जोरात श्वास सोडून पाहावा. कडेने वारा लागला तर ती बसलेली नाही. दाढी राखणाऱ्यांना ती कधीच नीट बसत नाही, याला इलाज नाही. शेतमालकाने मजुरांच्या हजेरीबरोबर मुखपट्ट्यांचाही खर्च धरावा. यंत्राच्या एका तासाच्या भाड्यात पुष्कळ येतात.

राशी संपल्या की काडीकचरा पेटविण्याचा मोसम येतो, आणि उसाच्या पट्ट्यात पाचट जाळण्याचा. तोडणी उरकली की रात्री फडाला काडी लावावयाची, म्हणजे खोडवा ‘साफ’ होतो, ही समजूत जुनी आहे. एक हेक्टर उसातून सुमारे 8 ते 10 टन पाचट निघते. ते जाळून त्यातले नत्र आकाशात पाठवावयाचे आणि नंतर दुकानातून युरिया उधार आणावयाचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसणारा नाही. पाचट सरीत एकसारखे पसरून, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी दिले तर ते पुढल्या हंगामापर्यंत कुजते, मधल्या काळात ओल धरून ठेवते आणि तणही दाबते. ज्या मुलखात 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे ओल धरून ठेवणारी वस्तू जाळणे हे नवल आहे. तुराट्यांचा भुगा करून घ्यावा, किंवा कूड व सरपण यांसाठी त्या राखाव्यात. काही केल्या जाळणे टळतच नसेल तर ते दुपारी दोनच्या सुमारास, वाऱ्याचा रोख गावापासून दूर असताना, पाण्याचा पंप चालू ठेवून करावे. रात्री तर मुळीच करू नये.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात. धूळ जाड असली तरी डोळे, त्वचा व दमा यांना त्रास देतेच. दुपारी वावटळीच्या वेळेस पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घ्याव्यात, अंगणात सडा सायंकाळी टाकावा, आणि झाडून काढण्यापूर्वी फरशी ओल्या फडक्याने पुसावी. क्वचित फार दूरची धूळही येते: 23 जानेवारी 2022 रोजी पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबईवर दिवसभर धूसर पडदा धरला होता. असा दिवस आला तर घरी थांबावे. खडी केंद्राच्या किंवा वीटभट्टीच्या आसपास राहणाऱ्यांनी पाणी मारण्याची व आडोशाच्या भिंतीची मागणी लेखी करावी. ती व्यवस्था ठेवणे चालकावर बंधनकारक असते.

पावसाळ्यात बाहेरची हवा वर्षातली सर्वांत निर्मळ. पाऊस कणांना खाली धुऊन आणतो. धोका घरात शिरतो तो ओल्या सरपणाच्या धुराने, भिंतींच्या बुरशीने आणि डासांच्या उदबत्तीने. सरपण मृगाच्या आधी छपराखाली रचावे. भाद्रपदात बांधावर व पडीक जागेत गाजर गवत फुलते. त्याच्या परागांनी शिंका, खाज व दमा उठतो. ते फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात सोडण्याचाही उपाय आहे.

मोबाईलवर हवेचा निर्देशांक पाहणाऱ्यांची संख्या आता वाढत आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे अॅप त्यासाठी विश्वसनीय आहे. 50 पर्यंत चांगली, 100 पर्यंत समाधानकारक, 200 पर्यंत मध्यम, 300 पर्यंत वाईट, 400 पर्यंत अति वाईट व पुढे गंभीर, अशी त्याची वर्गवारी आहे. मात्र सोलापूरच्या यंत्राचा आकडा पाहून लोहाऱ्याच्या वा सास्तूरच्या हवेचा निवाडा करू नये. तो आकडा दुसऱ्या गावचा असतो हे एक, आणि कणांच्या बाबतीत तो चोवीस तासांच्या सरासरीवर बांधलेला असतो हे दुसरे. त्या सरासरीत पहाटेचे दोन वाईट तास लपून जातात. आपल्या गावी सूर्योदयाच्या वेळी एका ओळखीच्या दूरच्या खुणेकडे, पाण्याच्या टाकीकडे किंवा देवळाच्या शिखराकडे, रोज पाहावे; पाऊस वा धुके नसताना ती पुसट दिसली आणि धुराचा वास आला तर त्या दिवशी वृद्धांनी व मुलांनी ऊन चढेपर्यंत घरात राहावे.

शेवटची बाब कचऱ्याची. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 22 डिसेंबर 2016 च्या निकालाने देशभर मनाई केली असून साध्या प्रकरणी 5,000 व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरविली आहे. लोहारा शहरात तक्रार नगरपंचायतीच्या कचेरीत द्यावी. अर्जात जागा, तारीख, वेळ व जळणाऱ्या वस्तूचा प्रकार लिहून छायाचित्र जोडावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोहोच घ्यावी, कारण तोंडी तक्रारीची दप्तरी नोंद राहत नाही. खेड्यांत 2 ऑक्टोबरची ग्रामसभा या कामाला सर्वांत सोयीची, कारण ती राशी व थंडी या दोहोंच्या तोंडावर येते. मळणी यंत्र शाळा व अंगणवाडीपासून किती अंतरावर लावावे, पाचट न जाळणाऱ्यास कुट्टी यंत्र पाळीने कसे मिळावे, आणि गावचा कचरा जाळण्याऐवजी कोणत्या खड्ड्यात जावा, या तीन विषयांचा अर्ज सभेच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या कचेरीत द्यावा, म्हणजे ते विषयपत्रिकेवर येतील. आणि ठराव झाल्यावर त्याची नक्कल मागून घेऊन ती चावडीवर व दूध संकलन केंद्रावर लावावी, कारण गावातला बहुतेक प्रत्येक कर्ता माणूस दिवसातून एकदा तरी तेथे येतो.